उसाला कोणती जमीन मानवते? भू-योग्यता नकाशाचा अर्थ आणि मर्यादा

मुंबई-बंगळूर महामार्गावरील ताथवडे हे आज उंच गृहसंकुले, महाविद्यालये आणि वाहनांच्या रांगांसाठी ओळखले जाते. २००९ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत समाविष्ट होईपर्यंत मात्र ते पवना आणि मुळा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यातील शेतीचे गाव होते. पशुसंवर्धन विभागाचे पशुपैदास प्रक्षेत्र ही त्या काळाची एक खूण. येथून हिंजवडी ओलांडून पश्चिमेकडे गेले, की कासारसाई-दारुंब्रे येथे श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखाना लागतो. माहिती तंत्रज्ञानाच्या संकुलांपासून काही किलोमीटरवर उसाचे गाळप होते, ही गोष्ट नव्याने राहायला आलेल्या अनेकांना ठाऊकही नसते.

या पट्ट्यातील जमीन उसाला योग्य आहे का, या साध्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी हवामान आणि मृदेची आकडेवारी एकत्र करून नकाशे तयार केले जातात. शास्त्रीय परिभाषेत त्यास ‘भू-योग्यता मूल्यमापन’ म्हणतात. नकाशावर हिरव्या रंगात दिसणारी जमीन योग्य आणि तांबड्या रंगातील अयोग्य, एवढाच अर्थ वरवर पाहता निघतो. परंतु त्या रंगांमागे पाणी, निचरा आणि काळ यांविषयीची काही गृहीतके असतात. ती गृहीतके बदलली की रंगही बदलतात. म्हणूनच असा नकाशा कसा तयार होतो, हे समजून घेणे शेतकऱ्याइतकेच शहरवासीयांच्याही हिताचे आहे.

योग्यतेचे पाच वर्ग

जमिनीच्या योग्यतेची जगभर मान्य झालेली चौकट संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. या चौकटीचे मुख्य तत्त्व असे, की कोणतीही जमीन मुळात ‘चांगली’ किंवा ‘वाईट’ नसते. ती एखाद्या विशिष्ट उपयोगासाठी योग्य वा अयोग्य असते. भाताला मानवणारी पाणथळ जमीन द्राक्षाला घातक ठरते. म्हणून आधी पीक ठरवायचे, ते कोणत्या पद्धतीने घेणार हे ठरवायचे आणि मगच जमिनीची परीक्षा करायची.

या चौकटीत जमिनीचे पाच वर्ग केले जातात. एस-१ म्हणजे अत्यंत योग्य, एस-२ म्हणजे मध्यम योग्य आणि एस-३ म्हणजे जेमतेम योग्य. त्याखाली एन-१ म्हणजे सध्या अयोग्य, पण सुधारणा केल्यास योग्य होऊ शकेल अशी जमीन आणि एन-२ म्हणजे कायमची अयोग्य जमीन. वर्गाच्या पुढे उणिवेचे चिन्हही जोडतात. त्यावरून जमीन खालच्या वर्गात का गेली, उथळपणामुळे, क्षारांमुळे, उतारामुळे की निचऱ्याअभावी, हे कळते. शेतकऱ्याच्या दृष्टीने वर्गापेक्षा हे कारण अधिक उपयोगी असते. कारण निचरा सुधारता येतो, खडक खोल करता येत नाही.

हवामानाची मागणी

ऊस हे उष्ण कटिबंधातील दीर्घ मुदतीचे पीक आहे. कांडी उगवताना त्याला ३२ ते ३८ अंश सेल्सिअस तापमान मानवते. वाढीच्या काळात २२ ते ३० अंशांच्या दरम्यानचे तापमान उत्तम. २० अंशांखाली वाढ मंदावते. पक्वतेच्या काळात मात्र कोरडी हवा आणि १० ते २० अंशांचा गारवा हवा असतो. तेव्हा वाढ थांबते आणि कांड्यात साखर साठते.

या कसोटीवर पुणे जिल्हा उत्तीर्ण होतो. येथे कडाक्याचे दव-तुषार क्वचितच पडतात, उन्हाळा पुरेसा तापतो आणि नोव्हेंबरपासून रात्री गार होतात. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम हिवाळ्यात येतो, तो यामुळेच. जुलै-ऑगस्टमध्ये लावायचा आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला पूर्वहंगामी आणि जानेवारी-फेब्रुवारीतला सुरू, असे लागणीचे तीन हंगाम राज्यात रूढ झाले, तेही याच तापमानचक्राला अनुसरून. नकाशा तयार करताना हंगाम सांगणे म्हणूनच आवश्यक असते. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने शेतात उभा राहतो आणि एक संपूर्ण उन्हाळा काढतो. सुरू उसाचे गणित बारा महिन्यांचे असते.

तापमानाच्या कसोटीवर उत्तीर्ण झालेला जिल्हा पावसाच्या कसोटीवर मात्र तुकड्यातुकड्यांत विभागला जातो. उसाला हंगामात साधारण १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागते. सह्याद्रीच्या माथ्यावरील लोणावळ्यात वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेकडे उतरताना तो झपाट्याने घटतो. पुण्याच्या शिवाजीनगर वेधशाळेची वार्षिक सरासरी सव्वासातशे ते साडेसातशे मिलिमीटरच्या घरात आहे आणि बारामतीत ती पाचशेच्या आसपास येते. ताथवडे या उतरंडीच्या मधल्या पायरीवर आहे. गंमत अशी, की जेथे पाऊस भरपूर तेथे जमीन उताराची, धुपलेली आणि आकाश महिनोन्‌महिने ढगाळ. आणि जेथे ऊन व खोल जमीन, तेथे पाऊस अपुरा. शिवाय लोणावळ्याचा पाऊसही चार महिन्यांत संपतो, तर ऊस वर्षभर तहानलेला असतो. पावसाच्या भरवशावरचा ऊस असे गृहीत धरून नकाशा केला, तर जिल्ह्याचा बहुतांश भाग अयोग्य ठरेल. ‘सिंचनाखालील ऊस’ असे गृहीत धरले, की त्याच जमिनींचा रंग हिरवा होतो.

मृदेची परीक्षा

पुणे जिल्ह्याची जमीन दख्खनच्या काळ्या पाषाणापासून, म्हणजे बेसाल्टपासून झाली आहे. खडक एक असला तरी मृदा एक नाही. टेकड्यांच्या माथ्यावर व उतारावर उथळ, मुरमाड आणि बरड जमीन, पायथ्याशी मध्यम काळी आणि नदीकाठी खोल काळी किंवा गाळाची पोयट्याची, असा क्रम सर्वत्र दिसतो. पवनेच्या खोऱ्यातही तो तसाच आहे. म्हणून एकाच गावाच्या शिवारात एस-१ पासून एन-२ पर्यंतचे सगळे वर्ग सापडू शकतात.

उसासाठी मृदेच्या ज्या बाबी तपासल्या जातात, त्यांत खोली पहिली. मुळांना किमान एक मीटर मोकळी जमीन हवी. भूजलाची पातळी दीड ते दोन मीटरच्या खाली असावी, अन्यथा मुळे गुदमरतात. सामू साडेसहाच्या आसपास उत्तम. पाच ते साडेआठपर्यंत पीक तग धरते. चुनखडीचे प्रमाण अधिक असल्यास लोह मिळेनासे होते आणि पाने पिवळी पडतात. शेतकरी त्यालाच केवडा म्हणतात. क्षारता विद्युतवाहकतेने मोजतात. मृदेच्या संपृक्त अर्काची वाहकता १.७ डेसीसायमन प्रति मीटरच्या पुढे गेली, की उसाचे उत्पादन घटू लागते. ती ५.९ झाल्यास सुमारे पाव आणि १०.४ झाल्यास निम्मे उत्पादन हातचे जाते.

ही माहिती मिळते कोठून? नागपूर येथील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोने राज्याचे मृदा नकाशे तयार केले आहेत. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रही नागपुरातच आहे आणि ते उपग्रहीय छायाचित्रांवरून भूवापराचे नकाशे बनवते. पावसाची व तापमानाची दीर्घकालीन नोंद भारतीय हवामान विभागाकडे असते. उंची आणि उतार २००० मधील अमेरिकी अंतराळयानाच्या रडार मोजणीवरून काढता येतात. मातीचे जागतिक नकाशे अडीचशे मीटरच्या चौकटींत उपलब्ध आहेत. ही सारी सामग्री आता संगणकावर एकत्र आणता येते आणि त्यातील बरीचशी विनामूल्य आहे.

थरांवर थर

नकाशा तयार करण्याची प्रक्रिया तत्त्वतः सोपी आहे. पाऊस, तापमान, उतार, मृदेची खोली, पोत, सामू, क्षारता, निचरा अशा प्रत्येक घटकाचा एक थर तयार करायचा. प्रत्येक थरातील प्रत्येक चौकटीला उसाच्या गरजेनुसार गुण द्यायचे. मग थर एकमेकांवर ठेवून अंतिम वर्ग काढायचा. खरा वाद या शेवटच्या पायरीवर आहे.

एक पद्धत भारांकित सरासरीची. प्रत्येक घटकाला त्याच्या महत्त्वानुसार वजन द्यायचे आणि बेरीज करायची. दुसरी पद्धत ‘मर्यादक घटका’ची. जो घटक सर्वांत दुबळा, तोच जमिनीचा वर्ग ठरवतो. दोन्हींतला फरक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा एखाद्या शेताला खोलीसाठी दहापैकी नऊ, तापमानासाठी नऊ, सामूसाठी आठ आणि निचऱ्यासाठी दोन गुण मिळाले. चारही घटकांना समान वजन दिल्यास सरासरी सात येते आणि नकाशा ते शेत योग्य म्हणून दाखवतो. मर्यादक पद्धतीने मात्र त्याला दोनच गुण मिळतात. शेतकऱ्याचा अनुभव दुसऱ्या उत्तराला दुजोरा देतो. पाणी तुंबलेल्या रानात माती कितीही खोल असली, तरी ऊस पिवळाच पडतो. सरासरी काढताना एका घटकाची उणीव दुसऱ्याच्या आधिक्याने भरून निघते. शेतात ती तशी निघत नाही.

म्हणून जाणकार मृदातज्ज्ञ घातक घटकांना, म्हणजे क्षारता, निचरा आणि अत्यल्प खोली यांना, आधी चाळणी लावतात आणि त्यातून उरलेल्या जमिनीचीच भारांकित क्रमवारी करतात. कोणताही योग्यता-नकाशा हाती आल्यास ही चाळणी लावली आहे का, हा पहिला प्रश्न विचारायला हवा.

नीरा खोऱ्याचा धडा

महाराष्ट्राने हा धडा संगणक येण्याच्या कितीतरी आधी, आणि मोठी किंमत मोजून घेतला आहे. १८८५ मध्ये नीरा डाव्या कालव्याचे पाणी बारामती परिसरातील दुष्काळी रानांना मिळू लागले. खोल काळी जमीन, भरपूर ऊन आणि हुकमी पाणी, म्हणजे आजच्या भाषेत सर्व थर हिरवे. ऊस फोफावला. परंतु चिकण काळ्या मातीतून पाणी सावकाश झिरपते. सपाट रानात अतिरिक्त पाण्याला वाट मिळाली नाही, भूजल वर आले आणि त्याबरोबर क्षारही पृष्ठभागावर आले. विसाव्या शतकाच्या आरंभी चांगल्या जमिनींवर पांढरे थर दिसू लागले. पुणे कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि ताम्हणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला, तो या पार्श्वभूमीवर.

पुढे १९३२ मध्ये नीरा खोऱ्यातच, सातारा जिल्ह्यातील पाडेगाव येथे ऊस संशोधन केंद्र सुरू झाले. तेथील बसू आणि सिरूर यांनी दख्खनच्या कालव्यांखालील जमिनींचे सर्वेक्षण करून १९३८ मध्ये त्यांचे वर्गीकरण मांडले. जमिनीत खड्डे घेऊन, थरांची खोली, चुना आणि क्षार तपासून त्यांनी जमिनींना ए, बी, सी अशी अक्षरे दिली. उसासाठी जमिनीची शास्त्रीय प्रतवारी करण्याचा हा देशातील आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक होता. उपग्रह नसताना केलेल्या त्या कामातून एक गोष्ट स्पष्ट झाली. जमिनीची योग्यता पाणी देण्यापूर्वी मोजली आणि पाणी दिल्यानंतर मोजली, तर उत्तरे वेगळी येतात.

चिबड, चोपण, क्षारपड हे शब्द मराठीत आजही जिवंत आहेत, ते या कारणाने. सांगली जिल्ह्यातील मिरज व वाळवा आणि कोल्हापुरातील शिरोळ तालुक्यांत नदीकाठच्या उत्तम जमिनी अतिसिंचनाने क्षारपड झाल्या. भूमिगत सच्छिद्र नळ्या टाकून निचरा केल्यावर त्यांपैकी काही पुन्हा पिकाखाली आल्या. एन-१ या वर्गाचा अर्थ तेथे शब्दशः दिसतो. जमीन अयोग्य झाली होती, पण खर्च आणि श्रम केल्यावर परतली.

पाण्याचा हिशेब

आता पुन्हा ताथवड्याकडे वळू. या परिसरातील खोल काळ्या जमिनीचा एक हेक्टर घ्या आणि त्यावर वर्षाला २,००० मिलिमीटर पाणी लागणारा ऊस लावला असे समजा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. म्हणजे पिकाची एकूण गरज दोन कोटी लिटर. पावसातून वाहून गेलेले वजा जाता ५०० मिलिमीटर मुळांना मिळाले असे धरले, तर उरलेले दीड कोटी लिटर नदी, कालवा किंवा विहिरीतून द्यावे लागेल. शहरी पाणीपुरवठ्यासाठी दरडोई दररोज १३५ लिटर हा मापदंड धरतात. त्या हिशेबाने दीड कोटी लिटर पाणी सुमारे तीनशे माणसांना वर्षभर पुरते. ठिबक सिंचनाने पिकाला द्यावे लागणारे पाणी लक्षणीय घटते, हे खरे. तरीही फरक संपत नाही.

ताथवड्याच्या शेजारच्या रावेत बंधाऱ्यातून पिंपरी-चिंचवड शहरासाठी पाणी उचलले जाते. ते पवना धरणातून सुटते आणि नदीपात्रातून वाहत येते. वाटेत त्याच नदीवर मावळातील शेतकऱ्यांचे उपसा पंप आहेत. धरणातून शहराला बंद नळाने पाणी नेण्याची योजना पुढे आली, तेव्हा नदीत पाणी राहणार नाही या भीतीने मावळ पेटला. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊर येथे पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा मृत्यू झाला. भू-योग्यता नकाशावर पवनाकाठची ती जमीन सिंचनाच्या गृहीतकावर हिरवी दिसते. ते गृहीतक कोणी कोणाच्या वाट्याचे धरले आहे, हे नकाशात नसते.

राज्याच्या पातळीवरही हाच प्रश्न आहे. केंद्रीय कृषिमूल्य आयोगाने आपल्या अहवालात महाराष्ट्रातील लागवडीखालील क्षेत्राच्या चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावरील ऊस सिंचनाचे जवळपास सत्तर टक्के पाणी घेतो, असे नमूद केले होते. नाबार्ड आणि इक्रिअर या संस्थांनी २०१८ मध्ये देशातील प्रमुख पिकांच्या जल-उत्पादकतेचे नकाशे प्रसिद्ध केले. हेक्टरी उत्पादनात महाराष्ट्र व तमिळनाडू पुढे. पण सिंचनाच्या प्रत्येक घनमीटरमागे किती ऊस पिकतो, हे पाहिल्यावर उत्तर प्रदेश व बिहारचे पारडे जड ठरले. विभाजक बदलताच नकाशा उलटा झाला. दोन्ही नकाशे खरे आहेत. पहिला जमिनीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो, दुसरा पाण्याला विचारलेल्या.

सरासरी आणि चौकट

नकाशा वाचताना आणखी दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली सरासरीची. हवामानाचे थर साधारणपणे तीस वर्षांच्या सरासरीवर आधारलेले असतात. महाराष्ट्राने १९७२, २०१२, २०१५ आणि २०१८ मध्ये दुष्काळ पाहिला. सरासरीत ती वर्षे विरघळून जातात. शेतात मात्र ऊस एका वर्षात वाळतो. म्हणून सरासरी पावसाऐवजी चारपैकी तीन वर्षे हमखास मिळणारा पाऊस विचारात घेणे अधिक सुरक्षित असते.

दुसरी मर्यादा प्रमाणाची. १ : २,५०,००० या प्रमाणाच्या मृदा नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे अडीचशे मीटर. हवामानाची एक किलोमीटरची चौकट शंभर हेक्टरची असते. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार राज्यातील सरासरी वहिवाट १.३४ हेक्टर होती. म्हणजे अशा एका चौकटीत सुमारे पंचाहत्तर वहिवाटी मावतात. ताथवड्यापासून काही किलोमीटरवरील पिंपळे सौदागर या गावाचा डॉ. मॅन यांनी केलेला अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. १७७१ मध्ये सुमारे चाळीस एकर असलेली सरासरी वहिवाट १९१४-१५ पर्यंत सुमारे सात एकरांवर आल्याचे त्यात दाखवले होते. जिल्ह्याचे धोरण आखण्यास चौकटींचा नकाशा पुरेसा आहे. एखाद्या गटात ऊस लावावा की नाही, हे ठरवण्यासाठी मात्र तेथे खड्डा घेऊन माती तपासणे, विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत देणे आणि निचऱ्याचा चर कोठे निघेल हे पाहणे, याला पर्याय नाही. जिल्हा मृदा चाचणी प्रयोगशाळा, कृषी विद्यापीठे आणि मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट यांचे साहाय्य त्यासाठी घेता येते.

नकाशाबाहेरचा वर्ग

ताथवडे, पुनावळे, रावेत या पट्ट्याचा आजचा योग्यता-नकाशा काढताना सर्वप्रथम बांधकामाखालील क्षेत्र वगळले जाते. संगणकावर तो भाग पांढरा किंवा राखाडी राहतो. त्याखाली एस-१ची खोल काळी माती होती की मुरमाड माळ, हे नकाशा सांगत नाही, कारण त्याला तसे विचारलेलेच नसते. नागरीकरण थांबवणे कोणाच्याही हाती नाही आणि ते थांबावे असेही नाही. लोकांना घरे हवीतच. परंतु शहराची हद्द वाढवताना कोणती जमीन आधी बांधकामाला द्यावी, याचा निर्णय रस्त्याच्या जवळिकीवरून होतो, मृदेच्या वर्गावरून क्वचितच. मुरमाड, उथळ आणि शेतीला जेमतेम योग्य अशा जमिनी आधी आणि नदीकाठच्या खोल जमिनी शेवटी, असा क्रम ठेवण्याइतकी माहिती आता उपलब्ध आहे. चाकण, मावळ आणि मुळशीकडे शहर सरकत असताना विकास आराखड्याच्या टेबलावर मृदा नकाशा ठेवला गेला, तर त्या माहितीचा उपयोग होईल. क्षारपड जमीन नळ्या टाकून परत मिळवता येते, हे शिरोळने दाखवले आहे. काँक्रीटखाली गेलेल्या जमिनीसाठी तशी कोणतीही पद्धत अद्याप व्यवहारात नाही.